मोटारीच्या इंजिनाला उच्चदाब इंधनपंप हवा का? : एका तांत्रिक प्रश्नाचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

मोटारीच्या टाकीतील इंधन इंजिनापर्यंत पोहोचवायचे तर कोणता ना कोणता पंप लागतोच. मतभेद आहेत ते त्या पंपाने इंधनावर किती दाब आणावा याविषयी. टाकीत बसवलेला विजेवरचा पंप साधारणपणे ३ ते ५ बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो, इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा उच्चदाब पंप त्याच पेट्रोलचा दाब २०० ते ३५० बारपर्यंत नेतो, आणि डिझेल इंजिनांत हा आकडा २,००० बारच्याही पुढे जातो. बार हे दाबाचे एकक असून १ बार म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीवरील हवेचा दाब होय. मोटारीच्या टायरमधील हवा सव्वादोन बारच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे वरील आकड्यांमधील तफावतीची कल्पना येते.

इंजिनाला उच्चदाब पंप लागतो का, हा प्रश्न तीन ठिकाणी तीन अर्थांनी विचारला जातो. इंजिनाचा आराखडा आखणाऱ्या अभियंत्यापुढे तो रचनेच्या निवडीचा असतो, गॅरेजमधील कारागिरापुढे बसवलेला पंप खरोखर निकामी झाला आहे की दोष अन्यत्र आहे असा असतो, आणि इंजिनाची शक्ती वाढवू पाहणाऱ्यापुढे मूळ पंप वाढीव मागणीला पुरेल का असा असतो. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळल्याने पुष्कळ गोंधळ होतो. तथापि तिन्हींच्या मुळाशी एकच बाब आहे, ती म्हणजे ठरावीक इंधन सिलिंडरमध्ये पोहोचवण्यासाठी किती वेळ हाताशी आहे.

पार्श्वभूमी

कार्बोरेटरच्या काळात दाबाचा प्रश्न गौण होता, कारण इंजिन आत ओढत असलेली हवाच पेट्रोल शोषून घेई आणि पंपाचे काम कार्बोरेटरची वाटी भरलेली ठेवण्यापुरतेच असे. मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीवर इंजिनाच्या अंगालाच बसवलेला पडद्याचा यांत्रिक पंप असे आणि त्याचा दाब एका बारपेक्षाही बराच कमी असे. उन्हाळ्यात घाट चढताना या पंपात पेट्रोलची वाफ धरली की गाडी बंद पडे आणि पंपावर ओले फडके टाकून तो थंड होण्याची वाट पाहावी लागे. टाकीतच बुडवलेल्या विजेच्या पंपाने ही अडचण पुढे बहुतांशी दूर केली, कारण तो इंधन ओढण्याऐवजी ढकलतो आणि नळीतील इंधन सतत दाबाखाली राहिल्याने वाफ धरण्याची शक्यता घटते.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा प्रसार १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीवर आलेल्या बॉशच्या डी-जेट्रॉनिक प्रणालीपासून वाढत गेला. या पद्धतीत इंजेक्टर इनटेक वाल्व्हच्या अलीकडे, म्हणजे सिलिंडरच्या बाहेर, पेट्रोल फवारतो. तिचेच विकसित रूप असलेली एमपीएफआय पद्धत भारतात २००० च्या सुमारास, उत्सर्जनाचे नियम कडक होऊ लागले तेव्हा, मारुती ८०० सारख्या छोट्या गाड्यांपर्यंत पोहोचली.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारण्याची कल्पनाही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील डीबी ६०१ या जर्मन विमान-इंजिनात ती होती, १९५०च्या दशकाच्या आरंभी गुटब्रोड आणि गोलियाथ या छोट्या जर्मन गाड्यांत ती आली, आणि १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलने ती प्रसिद्ध केली. यांत्रिक पंपाने इंधनाचे प्रमाण नेमके राखणे अवघड असल्याने ती त्या वेळी सार्वत्रिक झाली नाही. १९९६ मध्ये मित्सुबिशीने इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेले, सुमारे ५० बार दाबाचे जीडीआय इंजिन बाजारात आणले तेव्हापासून आजचा वाद सुरू होतो.

डिझेलचा मार्ग वेगळा होता. रुडॉल्फ डिझेलच्या सुरुवातीच्या इंजिनांत दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन आत ढकलले जाई आणि त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर वाहनात मावणारा नव्हता. १९२७ मध्ये बॉशने डिझेल पंपाचे घाऊक उत्पादन सुरू केल्यावर वाहनांतील डिझेल इंजिन व्यवहार्य ठरले. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ वर कॉमन रेल पद्धत आली, तिचा दाब १,३५० बारच्या आसपास होता. कॉमन रेल म्हणजे सर्व इंजेक्टरांना जोडणारी एकच जाड नळी. पंप तिच्यात दाबाखालील इंधनाचा साठा कायम ठेवतो आणि इंजेक्टर संगणकाच्या आज्ञेने हवा तेव्हा उघडतो.

दाब आणि वेळ यांचे गणित

चार स्ट्रोकच्या इंजिनात एक पूर्ण चक्र म्हणजे क्रँकशाफ्टचे दोन फेरे. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या गतीला हे चक्र २० मिलिसेकंदांत संपते. इंधन वाल्व्हच्या बाहेर फवारायचे असेल तर जवळजवळ हा सगळा वेळ इंजेक्टरला मिळू शकतो, कारण वाल्व्ह बंद असतानाही पेट्रोल त्याच्या पाठीवर पडून वाट पाहू शकते. सिलिंडरच्या आत फवारायचे असेल तर मुख्यतः हवा आत येण्याच्या स्ट्रोकचा, म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंदांचा अवधी उरतो, आणि त्यातच इंधनाचे बारीक कण होऊन त्यांची वाफ व्हावी लागते. डिझेलमध्ये इंधन आत पडताच पेट घेत असल्याने ते दाबणीच्या शेवटीच सोडावे लागते. ४,००० फेऱ्यांना हा अवधी जेमतेम १ मिलिसेकंदाचा असतो.

इंजेक्टरच्या छिद्रातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हा या चर्चेतील दुसरा आधारभूत नियम होय. त्याच छिद्रातून तेवढ्याच वेळात दुप्पट इंधन सोडायचे तर दाब चौपट करावा लागतो, आणि २० टक्के जादा इंधनासाठी ४४ टक्के जादा दाब लागतो. छिद्र मोठे करण्याचा सोपा मार्ग इथे मर्यादितच उपयोगी पडतो, कारण मोठ्या छिद्रातून थेंबही मोठे पडतात आणि ते वेळेत जळत नाहीत.

दाबाची किंमतही मोजता येते. सुमारे १०० किलोवॅट शक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण ४० लिटर, म्हणजे सेकंदाला ११ मिलिलिटर पेट्रोल घेते, असे धरल्यास ४ बार दाबासाठी पंपाला साडेचार वॅटच्या आतच उपयुक्त शक्ती पुरते, २०० बारला ती २२० वॅट होते आणि ३५० बारला ३८५ वॅटपर्यंत जाते. घर्षण आणि गळती यांमुळे प्रत्यक्षात यापेक्षा अधिक शक्ती खर्च होते. तेव्हा उच्चदाब फुकट मिळत नाही, आणि त्यातून मिळणारा लाभ हा खर्च भरून काढतो का, हाच रचनेच्या वादाचा गाभा ठरतो.

डिझेल : गरज निर्विवाद, मात्रा वादग्रस्त

डिझेल इंजिनाला उच्चदाब पंप लागतो याविषयी दुमत नाही. वाद होता तो किती दाब आणि कोणत्या मार्गाने, यावर. जुन्या इंजिनांत पूर्वज्वलन कक्ष नावाची छोटी पोकळी असे, तिच्यातील हवेची घुसळण इंधन मिसळण्याचे बरेचसे काम करी आणि नोझल उघडण्यास शंभर-दीडशे बार पुरत. हा कक्ष काढून इंधन थेट पिस्टनवर फवारू लागल्यावर मिसळण्याचे काम दाबावरच आले. फोक्सवॅगनने प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप आणि इंजेक्टर एकत्र बसवून सुमारे २,००० बारचा दाब मिळवला, परंतु त्यात दाब कॅमच्या गतीशी बांधलेला राही. कॉमन रेलमध्ये एका चक्रात इंधन अनेक हप्त्यांत सोडता येत असल्याने आवाज आणि धूर दोन्ही घटले आणि अखेर हीच पद्धत टिकली.

महाराष्ट्राचा या तंत्राशी थेट संबंध आहे. नाशिकच्या सातपूर भागात बॉशच्या कारखान्यात डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर तयार होत आले आहेत, आणि रांजणगाव येथे तयार झालेले फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट इंजिन अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हा मारुती सुझुकीने डिझेल गाड्या बंद केल्या. या निर्णयामागे धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेचा खर्च मोठा होता, त्यामुळे त्याकडे उच्चदाब पंपाविरुद्धचा कौल म्हणून पाहता येत नाही.

पेट्रोल : उच्चदाबाच्या बाजूची मांडणी

थेट इंजेक्शनच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा सिलिंडर थंड राहण्याचा आहे. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषते. ही क्रिया सिलिंडरच्या आत घडली तर आतील हवाच थंड होते, अकाली पेट घेण्याची म्हणजे नॉकिंगची प्रवृत्ती कमी होते, आणि त्यामुळे कॉम्प्रेशन रेशो वाढवता येतो किंवा टर्बोचार्जरने अधिक हवा कोंबता येते. लहान आकाराचे टर्बो इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करू लागले, त्याला हा गुणधर्म बऱ्याच अंशी कारणीभूत आहे.

दुसरा मुद्दा असा की, इनटेक आणि एक्झॉस्ट वाल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे ठेवून ताज्या हवेने जळका वायू बाहेर ढकलता येतो आणि त्या हवेत अजून पेट्रोल नसल्याने ते वाया जात नाही. त्यामुळे कमी गतीलाही टॉर्क मिळतो. तिसरा मुद्दा थंड इंजिन सुरू करतानाचा आहे. इंधन दोन-तीन हप्त्यांत सोडून एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवता येतो, आणि सुरुवातीच्या पहिल्या मिनिटातील प्रदूषण त्याने घटते.

मित्सुबिशीच्या काळात आणखी एक मोठा दावा होता. स्पार्क प्लगजवळच इंधनाचा ढग तयार करून बाकी सिलिंडर जवळपास कोऱ्या हवेचा ठेवायचा, आणि अशा विरळ मिश्रणावर इंधन वाचवायचे, असा तो दावा होता. परंतु विरळ मिश्रणात नायट्रोजनचे ऑक्साइड साध्या कन्व्हर्टरला आवरत नाहीत, त्यासाठीची वेगळी यंत्रणा इंधनातील गंधकाने बिघडते, आणि प्रत्यक्ष रस्त्यावर ही अवस्था फार थोडा वेळ टिकते. बहुतेक उत्पादकांनी ती वाट सोडली. आज थेट इंजेक्शनचे समर्थन केले जाते ते प्रामुख्याने थंडाव्याच्या आणि टर्बोच्या आधारावर.

पेट्रोल : कमी दाबाच्या बाजूची मांडणी

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, टर्बो नसलेल्या लहान इंजिनात हे लाभ थोडे आहेत आणि त्यांची किंमत जास्त आहे. याचा ठळक पुरावा टोयोटाच्या इंजिनांत सापडतो. २०१५ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या प्रियस हायब्रिडचे १.८ लिटर इंजिन बाहेर फवारणी करणारे असूनही त्याची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे इंधनातील ऊर्जेपैकी कामाला आलेला वाटा, ४० टक्क्यांपर्यंत पोहोचली. पुढे थेट आणि बाहेरील अशा दोन्ही फवारण्या असलेल्या २.५ लिटर हायब्रिड इंजिनाने ४१ टक्के गाठले. दोन इंजिनांत इतरही फरक असल्याने या एका टक्क्याचे श्रेय केवळ दाबाला देता येत नाही, पण अंतर किती कमी आहे ते यावरून कळते.

उच्चदाबाचे तोटेही चांगले नोंदले गेले आहेत. बाहेर फवारलेले पेट्रोल इनटेक वाल्व्हची पाठ धुऊन काढते. थेट इंजेक्शनमध्ये ती धुतली जात नाही, इंजिन ऑइलच्या वाफांमधून तिच्यावर काजळीचे थर चढतात, आणि काही गॅरेजांत ते अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या झोताने मारून काढावे लागतात. पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर पडलेले पेट्रोल नीट न जळाल्याने अतिसूक्ष्म कणही वाढतात. यामुळे युरो ६ नियमांत थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना कणांच्या संख्येची मर्यादा घालण्यात आली. ती आधी सवलतीने प्रतिकिलोमीटर ६ लाख कोटी कण इतकी होती आणि नंतर ६०,००० कोटी झाली. ती पाळण्यासाठी अनेक गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये गाळणी बसवावी लागली.

टिकाऊपणाचाही प्रश्न आहे. पंपाचा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, पेट्रोलनेच वंगण मिळवतो आणि पेट्रोल हे वंगण म्हणून दुबळे असते. २०१० मध्ये बीएमडब्ल्यूने उच्चदाब पंपाच्या संभाव्य बिघाडामुळे अमेरिकेत सुमारे १,३०,००० गाड्या परत बोलावल्या. समर्थकांचे यावर उत्तर असे की, तो सुरुवातीच्या रचनांचा दोष होता आणि नंतरचे पंप सुधारले आहेत. दोन्ही विधानांत तथ्य आहे.

मधला मार्ग आणि एक तुलना

दोन्ही पद्धती एकत्र करण्याचा मार्ग टोयोटाने २००५ मध्ये डी-४एस या नावाने घेतला आणि पुढे फोर्ड, फोक्सवॅगन यांच्याही काही इंजिनांत तो आला. कमी भारावर बाहेरून फवारून वाल्व्ह स्वच्छ ठेवायचे व कण कमी करायचे, आणि जास्त भारावर थेट फवारून थंडावा मिळवायचा, अशी ही रचना आहे. तांत्रिकदृष्ट्या ती समाधानकारक असली तरी इंजेक्टरांचे दोन संच बाळगावे लागत असल्याने खर्चाचा आक्षेप तिला दुप्पट जोराने लागू होतो.

भारतीय बाजारात या प्रश्नाची जवळपास शेजारीशेजारी तुलना करता येते. महिंद्राच्या एक्सयूव्ही ३एक्सओ या गाडीत १.२ लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन दोन प्रकारांत मिळते. एमपीएफआय प्रकार ८२ किलोवॅट शक्ती आणि २०० न्यूटन मीटर टॉर्क देतो, तर थेट इंजेक्शनचा टीजीडीआय प्रकार ९६ किलोवॅट आणि २३० न्यूटन मीटर देतो. मॅन्युअल गिअरबॉक्ससह जाहीर झालेले मायलेज अनुक्रमे लिटरला सुमारे १८.९ आणि २०.१ किलोमीटर आहे. इंधन पद्धतीखेरीज इतर भागांतही बदल असल्याने सगळा फरक पंपाच्या नावावर मांडता येणार नाही. तरीही एकाच कंपनीने एकाच गाडीत दोन्ही प्रकार विकायला ठेवणे, यावरूनच टर्बो इंजिनातही उच्चदाब अपरिहार्य नसून तो किंमत आणि कामगिरी यांच्या तोलाचा प्रश्न आहे, हे स्पष्ट होते.

गॅरेज आणि शक्तिवाढ

गाडीत उच्चदाब पंप आधीच असेल तर प्रश्नाचे स्वरूप निदानाचे होते. गाडी सुरू व्हायला वेळ घेणे, चढावर ओढ कमी पडणे, आणि स्कॅनरवर पी००८७ हा रेल-दाब कमी असल्याचा कोड येणे, ही लक्षणे पंपाकडे बोट दाखवतात, परंतु ती पंपाचीच असतात असे नाही. टाकीतील पंप कमजोर असला, फिल्टर चोंदला, रेलवरील सेन्सर चुकीचा आकडा देऊ लागला किंवा डिझेल गाडीत एखादा इंजेक्टर परतीच्या नळीत जास्त इंधन सोडू लागला, तरी हाच कोड येतो. म्हणून आधी कमी दाबाची बाजू मोजावी, मग डिझेल गाडीत इंजेक्टरांचे रिटर्न प्रत्येकी वेगळ्या बाटलीत घेऊन तुलना करावी, मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळणारा रेल-दाब गाडी भारावर चालवून पाहावा, आणि त्यानंतरच पंपाला दोष द्यावा, हा क्रम जाणकार कारागिरांत मान्य आहे. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरले गेल्यास वंगण तुटून पंपातील धातूचा कीस सुटतो. फिल्टरमध्ये असा चमकणारा कीस दिसला तर केवळ पंप बदलून भागत नाही, कारण तो कीस रेल आणि इंजेक्टरांपर्यंत पोहोचलेला असतो.

शक्तिवाढीच्या बाबतीत एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. पंप कॅमशाफ्टवर चालत असल्याने दर फेऱ्याला तो ठरावीक मापाचेच इंधन देऊ शकतो, आणि दर फेऱ्यामागे इंधनाची मागणी कमाल टॉर्कच्या गतीला सर्वाधिक असते. त्यामुळे पंप अपुरा आहे की नाही हे कमाल शक्तीच्या आकड्यावरून ठरत नाही, तर कमाल टॉर्कच्या गतीला रेल-दाब टिकतो की ढासळतो यावरून ठरते. दाब टिकत असेल तर मोठा पंप बसवण्याने काही साधत नाही.

अनिर्णित मुद्दे

पहिला खुला मुद्दा इथेनॉलचा आहे. इथेनॉलमध्ये दर लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत जवळपास ७ टक्के ऊर्जा कमी पडते आणि तेवढे जादा इंधन पंपाला पुरवावे लागते. उलट इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणजे थेट इंजेक्शनचा थंडाव्याचा लाभ वाढतो. हे दोन परिणाम कोणत्या इंजिनात कोणत्या बाजूला झुकतात, याचे सर्वसाधारण उत्तर अजून नाही.

दुसरा मुद्दा कणांचा. दाब २०० वरून ३५० आणि पुढे ५०० बारकडे नेल्यास थेंब बारीक होऊन कण कमी होतात, परंतु पंपावरील भार आणि घर्षण वाढते. युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत २३ ऐवजी १० नॅनोमीटरपासूनचे कण मोजायचे ठरले आहे, त्यामुळे हा तोल पुन्हा तपासावा लागेल. भारतात १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनही विचारात घेतले जाते, आणि केवळ प्रयोगशाळेतील आकड्यांवर उभी असलेली मांडणी त्याने अपुरी ठरते.

तिसरा मुद्दा हायब्रिड गाड्यांचा आहे. विजेची मोटर कमी गतीचा टॉर्क देत असेल तर पेट्रोल इंजिनाकडून तो काढण्यासाठी उच्चदाब आणि टर्बो कशाला, असा युक्तिवाद जोर धरत आहे. परंतु मोठ्या गाड्यांच्या हायब्रिडांत थेट इंजेक्शनही कायम आहे. चौथा मुद्दा दुरुस्तीचा. पंप-नोझलचे काम करणाऱ्या दुकानांत जुने यांत्रिक डिझेल पंप उघडून बांधून मिळत, पण पेट्रोलचे नवे उच्चदाब पंप बहुधा सीलबंद येतात आणि ते पूर्णच बदलावे लागतात. गाडीच्या पूर्ण आयुष्यातील खर्चात हा घटक किती वजनाचा मानावा, याची मांडणी अद्याप पुरेशी झालेली नाही.

समारोप

आजवरच्या चर्चेतून तीन गोष्टी बऱ्यापैकी स्थिर झाल्या आहेत. डिझेलला उच्चदाब पंपाखेरीज पर्याय नाही. टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनात त्याचा लाभ खरा आहे, पण तो अनिवार्य नाही. टर्बो नसलेल्या लहान इंजिनात आणि हायब्रिडमध्ये त्याची बाजू दुबळी आहे. इंधन कोठे फवारायचे हे ठरले की वेळ ठरतो, वेळ ठरला की दाब ठरतो, आणि दाब ठरला की खर्च, कण व दुरुस्ती यांचा हिशेब समोर येतो. म्हणून पंप हवा की नको याचे उत्तर पंपापासून सुरुवात करून मिळत नाही. त्या इंजिनाकडून कोणत्या इंधनावर, कोणत्या भाराला आणि कोणत्या नियमांखाली काय काम अपेक्षित आहे, हे आधी ठरवावे लागते. इथेनॉल आणि हायब्रिड यांमुळे या अपेक्षाच सध्या बदलत आहेत, आणि त्या स्थिरावेपर्यंत पेट्रोल इंजिनापुरता हा वाद खुलाच राहील.